गाडी नसलेल्या माणसाचं पिट्सबर्ग

आई 2016 मध्ये पहिल्यांदा आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गच्या उत्तरेला एका टाउनशिपमध्ये, म्हणजे वेगळा कारभार असलेल्या उपनगरात, राहत होतो. चार बेडरूम, अडीच बाथरूम (अर्धं बाथरूम म्हणजे काय, हे तिला समजावताना माझी पुरेवाट झाली), मागे हरणं येऊन चरतील एवढी हिरवळ आणि दोन गाड्यांचं गॅरेज. आठवडाभराने एके दिवशी सकाळी अकरा वाजता तिने विरजण लावायला फ्रीज उघडला, तर दूध संपलेलं. नवरा आणि मी कामावर. सगळ्यांत जवळचं दुकान सव्वा मैलावर, म्हणजे दोन किलोमीटर. साताऱ्यात रोज सकाळी अजिंक्यताऱ्याचा चढ चढणाऱ्या बाईला दोन किलोमीटर म्हणजे किस झाड की पत्ती! पण त्या रस्त्याला फुटपाथच नव्हता. चार पदरी रस्ता, कडेला चर आणि चरापलीकडे कुणाची तरी खाजगी हिरवळ. तरी ती निघाली. दोनशे पावलं गेली असेल-नसेल, तोच एका भल्या गृहस्थाने गाडी थांबवून मदत हवी का म्हणून विचारलं. रस्त्याने बाई चालतेय म्हणजे तिची गाडी बंद पडली असणार, हा त्याचा सरळ हिशोब. आई परत फिरली. संध्याकाळी मी आले तेव्हा म्हणाली, ‘‘तुझं घर छान आहे गं. पण इथं माणूस फार मिंधा होतो.’’

अमेरिकेतल्या मध्यम शहरांबद्दल आपल्या लोकांत बोलणं निघालं, की घराचा आकार, शाळेचं रेटिंग, ऑफिसला जायला लागणारी मिनिटं आणि किराणा दुकानात कढीपत्ता मिळतो का, एवढ्यावर ते संपतं. मीही वर्षानुवर्षं तेच मोजत आले. पण आईच्या त्या ‘मिंधा’ शब्दाने माझी मोजपट्टी बदलली. माझं म्हणणं असं आहे, की शहर राहायला कसं आहे हे गाडी चालवणाऱ्या, पगारदार, चाळिशीतल्या माणसाला विचारूच नये. त्याला सगळीकडे बरंच वाटतं. विचारायचं असेल तर बारा वर्षांच्या मुलाला विचारावं, सत्तरीतल्या आजीला विचारावं, नाहीतर रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या आणि गाडी न परवडणाऱ्या माणसाला विचारावं. यांचा दिवस कुणापुढेही तोंड वेंगाडल्याशिवाय पार पडतो का?

या प्रश्नाला पिट्सबर्गचं उत्तर अर्धं हो आहे, अर्धं नाही. म्हणून तर हे शहर विचार करण्यासारखं आहे.

याद्यांचं विचाराल, तर पिट्सबर्ग त्यांचं लाडकं आहे. रँड मॅकनॅली या नकाशे छापणाऱ्या कंपनीच्या 1985 च्या क्रमवारीत ते अमेरिकेतलं सर्वाधिक राहण्यायोग्य शहर ठरलं. ज्या दशकात पोलादाच्या भट्ट्या एकापाठोपाठ एक विझत होत्या आणि बेकार झालेली कुटुंबं गाव सोडून चालली होती, त्याच दशकातली ही गोष्ट! पुढेही इतर याद्यांत त्याचं नाव वर येत राहिलं. पण 2019 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासकांनी शहराच्या लिंगसमता आयोगासाठी एक अहवाल तयार केला. त्याचा निष्कर्ष असा, की इथल्या कृष्णवर्णीय रहिवाशांनी, विशेषतः स्त्रियांनी, याच आकाराच्या जवळपास कुठल्याही दुसऱ्या अमेरिकी शहरात बिऱ्हाड हलवलं तरी त्यांचं आयुष्य सुधारेल. शहर एकच, नद्या त्याच तीन. यादी करणाऱ्याने दार कुणाचं ठोठावलं, एवढाच फरक.

आम्ही 2019 मध्ये शहरात, स्क्विरल हिलला राहायला आलो. ओळखीच्यांनी वेड्यात काढलं. घर लहान, शंभर वर्षं जुनं. तळघरात भिंती-दाराविना नुसतंच एक कमोड बसवलेलं. (ही खास पिट्सबर्गची चीज. गिरणीतून काळा होऊन आलेला कामगार तळघरातूनच घरात शिरायचा, तिथंच हात-पाय धुऊन मग वर यायचा, असं सांगतात. आमच्याकडे त्यावर आता कुंड्या ठेवल्या आहेत.) पार्किंग रस्त्यावर. पण कोपऱ्यापर्यंत चाललं की 61 नंबरच्या बसगाड्या, फोर्ब्स आणि मरे या दोन रस्त्यांच्या चौकात दुकानांच्या डोक्यावर सार्वजनिक वाचनालय, दोन किराणा दुकानं, औषधांचं दुकान, चपला दुरुस्त करणारा, सगळं दहा मिनिटांच्या आत.

आई दुसऱ्यांदा आली ती 2023 च्या सप्टेंबरात, वय वर्षं बाहत्तर. चौथ्या दिवशी ती एकटी दूध घेऊन आली. दहाव्या दिवशी एकटीच 61 सी पकडून शहरातल्याच ओकलंड भागातल्या मोठ्या वाचनालयात जाऊन आली. पासष्टीपुढच्यांना इथं बस फुकट आहे. तो खर्च पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लॉटरीच्या उत्पन्नातून भागतो. जुगाराच्या पैशातून आज्या देवळात नाहीतर डॉक्टरकडे जातात, ही सोय मला मनापासून आवडते. आई स्वतःला पाहुणी समजत असल्याने तिने ती सवलत मागितली नाही. पावणेतीन डॉलर मोजायची आणि उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्यू’ म्हणायची, कारण इथं सगळेच म्हणतात. वाचनालयात तिला एक रशियन आजी भेटल्या. दोघींना एकमेकींची भाषा ओ की ठो कळत नव्हती, पण दोघींच्या पिशवीत लोकर होती. दर मंगळवारी साडेदहा वाजता दोघी खिडकीपाशी बसून विणायच्या. त्या बैठकीला पैसे पडत नव्हते, आणि मुख्य म्हणजे मी लागत नव्हते.

ओकलंडच्या त्या इमारतीच्या दारावर ‘लोकांसाठी मोफत’ अशा अर्थाची अक्षरं दगडात कोरली आहेत. साल 1895. पैसे पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीचे. याच कार्नेगीच्या होमस्टेडच्या कारखान्यात 1892 मध्ये संप रक्तात बुडवला गेला होता, आणि त्याच्याकडे बारा-बारा तास राबणारे कामगार पुस्तक उघडणार कधी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. तेव्हा दानशूर म्हणून त्याची आरती ओवाळायची मला गरज वाटत नाही. पण त्याने एक अट घातली होती, आणि ती मात्र शहाणपणाची होती: इमारत मी देतो, चालवायचा खर्च शहराने उचलायचा. अमेरिकेत पैसेवाल्याचं नाव लावून उद्घाटन करणं सोपं असतं. दिव्याचं बिल, छपराची गळती, ग्रंथपालाचा पगार, यांवर कुणाचं नाव कोरत नाहीत.

पुढे 2009 मध्ये पैसे संपत आले आणि काही शाखा बंद करायची घोषणा झाली. लोकांनी आरडाओरडा केला, हे तर कुठेही होतं. पण 2011 च्या नोव्हेंबरात याच लोकांसमोर सार्वमत ठेवलं गेलं: वाचनालयासाठी मालमत्ता कर वाढवायचा का? घराच्या करपात्र किमतीच्या दर लाखामागे वर्षाला पंचवीस डॉलर. साधारण 72 टक्के लोक हो म्हणाले. अमेरिकेत, जिथं कर हा शब्द शिवीसारखा उच्चारतात, तिथं लोकांनी मतदान करून स्वतःवर कर बसवून घेतला! आमच्या घरामागे त्याचा जो वाटा येतो, तो आम्ही दोघं एकदा बाहेर जेवलो तर त्याच्याहून जास्त खर्च होतो. 2019 मध्ये बागांसाठीही असाच कर, थोडक्या मतांनी का होईना, मंजूर झाला.

आता टाउनशिपमधल्या मित्रांचा मुद्दा. तो मी उडवून लावणार नाही, कारण तो खोटा नाही. ‘‘तुझं ते वाचनालय-बिचनालय ठीक आहे, पण मुलांच्या शाळेचं काय?’’ बरोबर आहे. शहरातल्या शाळा तिकडच्या शाळांच्या तुलनेत मागे आहेत, आणि आम्ही हलवाहलव केली तेव्हा मुलीच्या शाळेवरून घरात महिनाभर अबोला-बोला चालला होता. पण शाळा मागे का, हे विचारायला नको? ज्या ॲलेगेनी काउंटीत पिट्सबर्ग आहे, तिथं 130 नगरपालिका-टाउनशिप आहेत आणि 43 शाळा-जिल्हे, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारी स्वतंत्र मंडळं. प्रत्येक टेकडीचा सवतासुभा! त्याची वेगळी कौन्सिल, वेगळा कर आणि बहुतेक ठिकाणी वेगळे पोलीससुद्धा. शाळेचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो. म्हणजे जिथं घरं महाग तिथं शाळा श्रीमंत, आणि शाळा श्रीमंत म्हणून घरं आणखी महाग. 2023 च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियाच्या कॉमनवेल्थ कोर्टाने, म्हणजे राज्याच्याच एका वरच्या न्यायालयाने, ही पद्धत राज्यघटनेत बसत नाही असा निकाल दिला. आपण ‘चांगली शाळा’ बघून घर घेतो तेव्हा खरं तर एक कुंपण विकत घेत असतो. मीही ते घेतलं होतं, आणि सात वर्षं त्याच्या आत सुखाने राहिले. म्हणून कुणाला दोष देण्याचा अधिकार मला नाही, पण त्याला कुंपण म्हणायचा आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. शहरातलं घर चौरस फुटामागे महाग पडतं, हे खरं. पण अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या 2023 च्या अंदाजाप्रमाणे नवी गाडी बाळगायला आणि चालवायला वर्षाला बारा हजार डॉलरच्या वर खर्च येतो. त्यात घसाराही धरला आहे, पण तो काय खोटा पैसा असतो? आम्ही दुसरी गाडी विकली. टाउनशिपमध्ये ते शक्यच नव्हतं. तिथं गाडी ही हौस नसते, तो घरातला आणखी एक खाणारा माणूस असतो.

शहर म्हणजे स्वर्ग, असं मात्र कुणी समजू नये. काही सकाळी, वारा पडलेला असला की, मोनोंगहेला नदीच्या खोऱ्यातल्या कारखान्यांकडून कुजक्या अंड्यांसारखा वास वर येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा आई पहाटे उठून गॅसची बटणं तपासत होती. तीन खिडक्या उघडल्या तर वास वाढला! आणि हिवाळा. बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत आपल्या घरापुढचा फुटपाथ आपण साफ करायचा, असा इथला नियम आहे. सगळे पाळतात असं नाही. एका घराने आळस केला की चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा रस्ता तिथंच तुटतो. उलट रस्त्यावर गाडीपुरती जागा उकरून काढली, की तिथं खुर्ची ठेवून ती अडवायची, ही इथली प्रथा. घडीची, प्लास्टिकची, स्वयंपाकघरातली, पाय मोडका असला तरी चालेल. कायदा याला मान्यता देत नाही, पण त्या खुर्चीला हात लावायची कुणाची छाती नाही. आईला हे क्षणात समजलं. ‘‘एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तेच की!’’

मला त्या खुर्चीची गंमत वाटते आणि थोडा रागही येतो. गाडीच्या जागेसाठी माणूस कंबर मोडेपर्यंत फावडं मारतो, आणि शेजारचा फुटपाथ तसाच बर्फाखाली. हीच वृत्ती मोठ्या प्रमाणावर वापरली की काय होतं, हे बघायचं असेल तर लोअर हिलमध्ये जावं. कृष्णवर्णीयांची गजबजलेली वस्ती होती ती. 1950 च्या दशकात ‘नवनिर्माणा’साठी ती पाडली. सुमारे आठ हजार माणसं हलवली. 1961 मध्ये तिथं उघडझाप होणाऱ्या घुमटाचं सिव्हिक अरीना उभं राहिलं, आणि भोवती डांबरी पार्किंग. ते अरीनाही पुढे पाडलं. पार्किंग उरलं, वर्षानुवर्षं. 2019 च्या त्या अहवालातली माणसं कुठून आली, याचं उत्तर थोडंफार त्या डांबराखाली आहे.

पण माझ्या मते या शहरापुढचा खरा प्रश्न याहून कंटाळवाणा आहे. 1950 मध्ये पिट्सबर्गची लोकसंख्या 6,76,806 होती. 2020 मध्ये 3,02,971. माणसं निम्म्याहून कमी झाली, पूल मात्र तेवढेच राहिले. एकूण 446, असं इथं अभिमानाने सांगतात. शिवाय टेकड्या चढायला आठशेच्या आसपास सार्वजनिक जिने. त्यांतले काही तर कागदोपत्री चक्क रस्ते आहेत, कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची पाटी आणि पुढे नुसत्या पायऱ्या. आईला हे जिने बेहद्द आवडले, सातारकरणीला आवडणारच. पण तिच्या नेहमीच्या जिन्याचा कठडा एका वळणावर गंजून तुटलेला होता, आणि तिथं लावलेली पिवळी फीत ती सहा महिन्यांनी परत जाईपर्यंत तशीच फडफडत होती.

पोलादाच्या शहरात पोलादाला गंज किती महाग पडतो, हे 28 जानेवारी 2022 ला पहाटेच्या अंधारात कळलं. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, फ्रिक पार्कवरचा फर्न हॉलो पूल दरीत कोसळला. त्याच्यावर त्या वेळी चार गाड्या आणि एक लांबलचक जोडबस होती. दहा जण जखमी झाले. कुणी दगावलं नाही, कारण बर्फामुळे शाळा दोन तास उशिरा भरणार होत्या आणि रस्ता रिकामा होता. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडेन पायाभूत सुविधांवर भाषण करायला पिट्सबर्गला येणार होते. आले, आणि तो खड्डा बघून गेले. साताऱ्याला टीव्हीवर बातमी बघून आईचा फोन आला, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं: आज मी घरून काम करतेय.

पुढे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाची चौकशी झाली. पूल ज्या पोलादाचा होता, त्याला रंग लागत नाही. त्यावर गंजाचा एक पातळ थर धरतो आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. अट एवढीच, की ते अधूनमधून कोरडं पडलं पाहिजे. इथं पाणी वाहून जायच्या जागा पानं-कचऱ्याने तुंबल्या होत्या. बर्फावर टाकलेल्या मिठाचं पाणी वर्षानुवर्षं पुलाच्या पायांवर झिरपत राहिलं, आणि पाय पोखरले गेले. 2011 पासून पुलाची स्थिती ‘वाईट’ अशी नोंदलेली होती. तपासणी नियमित होत होती, अहवाल येत होते, त्यांत दुरुस्ती सुचवली जात होती. त्यावर शहराने काम केलं नाही. झाडू-फावड्याचं काम होतं हो सुरुवातीला! मग केंद्राकडून पैसा आला, सुमारे अडीच कोटी डॉलर, आणि वर्षाच्या आत, डिसेंबर 2022 मध्ये, नवा पूल उभा राहिला. वरातीमागून घोडं, पण घोडं मात्र जातिवंत.

म्हणून मला वाटतं, शहराचा कारभार नव्या कामांवरून जोखू नये. निवडणुकीत उमेदवारांना विचारायला हवं, की गटारं साफ करायला, कठडे बसवायला, बस दर दहा मिनिटांनी सोडायला तुमच्याकडे दर वर्षी येणारा पैसा कुठला आहे? इथं उत्तर अवघड आहे. गावातल्या सर्वात उंच, 64 मजली इमारतीवर आता पोलाद कंपनीचं नाही, रुग्णालय-समूहाचं नाव झळकतं. रुग्णालयं आणि विद्यापीठं हे आजचे मोठे मालक. ती ना-नफा संस्था असल्याने त्यांच्या बहुतेक मालमत्तांना कर माफ. 2013 मध्ये शहराने त्यातल्या सगळ्यांत मोठ्या समूहाविरुद्ध कोर्टात जाऊन पाहिलं, आणि पुढच्याच वर्षी दावा मागे घेतला. उरतात ती घरं आणि दुकानं. वाचनालयासाठी पंचवीस डॉलर देणारी माणसं प्रत्येक पुलासाठी वेगळं सार्वमत किती वेळा घेणार?

बसचंही तेच. 2011 मध्ये सेवा 15 टक्क्यांनी कापली होती. 2025 मध्ये 35 टक्के कापण्याचा प्रस्ताव आला, आणि रात्री अकरानंतर बस नाही. अकराची वेळ कागदावर निरुपद्रवी दिसते. ओकलंडच्या रुग्णालयांची संध्याकाळची पाळी अकराच्या सुमारास सुटते. मी उशिरा घरी येते तेव्हा माझ्या बसमध्ये निम्मे लोक त्या गणवेशातले असतात. कुणी फरशी पुसून आलेलं, कुणी म्हाताऱ्यांना कूस बदलवून. गाडी असती तर ते त्या वेळी बसमध्ये नसते.

त्या उन्हाळ्यात सुनावण्या झाल्या. लोक रांगा लावून बोलले. व्हीलचेअरवरचे आले, विद्यार्थी आले, मीही माझी दोन मिनिटं घेतली आणि आईचं विणकाम सांगितलं, जरा ओशाळूनच. अखेर कपात टळली. राज्याच्या विधिमंडळाकडून कायमचा निधी काही मिळाला नाही. भांडवली कामांसाठी राखून ठेवलेला पैसा रोजच्या फेऱ्या चालवायला वापरायची परवानगी तेवढी मिळाली, साधारण दोन वर्षं निभावेल एवढी. आईला फोनवर सांगितलं, 61 सी चालू राहणार. तिला आनंद झाला. मग तिने विचारलं, ‘‘राखून ठेवलेले पैसे कशाचे होते गं?’’

नव्या बसगाड्यांचे आणि दुरुस्तीचे, मी म्हटलं.